काय नव्हतं

जानेवारीतली सकाळ, साडेदहाचा सुमार. गेटवेसमोरच्या नांगरावरून निघालेली २८ फुटी शिडाची बोट मांडव्याच्या दिशेने निम्मी वाट कापून गेली होती. पहाटेपासून साथ देणारा मतलई वारा दहाच्या आतच पडला, वायव्येचा खारा वारा दुपारशिवाय यायचा नव्हता, आणि या दोन वाऱ्यांमधल्या रिकाम्या वेळात शीड ओल्या धोतरासारखं लोंबत होतं. म्हणून इंजिन. दोन सिलिंडरचं, १८ हॉर्सपॉवरचं, ऐंशीच्या दशकातलं जपानी डिझेल. प्रॉंग्सचं दीपगृह उजव्या अंगाला मागे पडत होतं. पुढे मोठ्या जहाजांची वाट आडवी होती आणि त्या वाटेवर न्हावा-शेव्याकडे निघालेलं एक कंटेनरचं धूड, अजून लांब, पण दर खेपेला बघावं तर मोठं झालेलं. नेमका तिथेच इंजिनाचा ठेका चुकला. आधी किंचित घुटमळलं, मग आपणहून उसळी मारून जोरात फिरलं, पुन्हा बसलं, पुन्हा एक दुबळी उसळी, आणि बंद. डोलकाठीवर दोरी टिंगटिंग आपटायला लागली, बुडाशी पाणी चुळचुळायला लागलं. हे आवाज आधीही होतेच, ऐकू येत नव्हते इतकंच. तांडेलाने एक शब्द न बोलता डेकवरचं टाकीचं पितळी झाकण फिरवून काढलं. सोड्याची बाटली उघडावी तसं काहीतरी बारीक वाजलं. लाकडी पट्टी बुडवून त्याने पाहिली, "डिझेल फुल्ल आहे" म्हणाला, पाने घेऊन खाली उतरला आणि बारा मिनिटांत इंजिन चालू करून वर आला. जहाज तोवर पुढून निघूनही गेलं होतं. चिंधीला हात पुसत तो मालकांना म्हणाला, "काय नव्हतं, साहेब. हवा धरलेली."

काय नव्हतं.

हे दोन शब्द त्या दिवसानंतर डोक्यातून जाईनात. त्यात खोटं काही नव्हतं. माणूस आयुष्यभर मच्छीमार ट्रॉलरवर इंजिनांजवळ बसलेला, हातात कसब, आणि आपण केलेल्या कामाचा बडेजाव न करण्याची त्या लोकांची जी रीत असते तिच्यातून आलेले ते शब्द. पण त्या मोसमात हे चौथ्यांदा झालं होतं आणि चारही वेळा इंजिन दहा-बारा मिनिटांत पुन्हा चालू झालं होतं. कायमचं बंद पडलेलं इंजिन फार सोयीचं असतं. ते उघडलं जातं, त्याच्यावर पैसे खर्च होतात, कारण सापडतं. बंद पडून पुन्हा आपलं चालू होणाऱ्या इंजिनाला मात्र दर वेळी माफी मिळते, कारण ते चालू झालं की ज्याला त्याला घरी जायचं असतं. गणपती झाल्यावर बोट पाण्यात उतरली तेव्हापासून फिल्टर तीनदा बदलून झाले होते, टाकीतून डिझेल ओढणारा लिफ्ट पंप नवा बसवला होता, सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारी नोझल काढून तपासून आणली होती. प्रत्येक दुरुस्तीनंतर इंजिन चाललं होतं. म्हणजे प्रत्येक दुरुस्ती यशस्वी झाली होती.

डिझेल इंजिनाबद्दल मला सगळ्यात पटलेली गोष्ट अशी, की ते 'का' बंद पडलं याआधी 'कसं' बंद पडलं ते विचारावं. बोटीच्या पाण्याखालच्या पंख्यात जाळ्याचा दोर गेला तर धाडकन थांबतं आणि बोटीच्या बुडाला ठोसा बसल्यासारखं जाणवतं. गरम होऊन आवळत असेल तर आधी आवाज जड होतो, वेग उतरत जातो, काळसर धूर येतो. वेग सांभाळणाऱ्या गव्हर्नरचा घोटाळा असेल तर वरखाली होत राहतं पण सहसा मरत नाही. आणि उपाशी मरत असेल, म्हणजे डिझेल पुरत नसेल, तर ते असंच घुटमळतं: घास मिळाला की उसळी, नाही मिळाला की झोल. या जुन्या इंजिनांत बंद करायला चावी नसते, एक दांडी ओढावी लागते, आणि ती दांडी शेवटपर्यंत आत न ढकलल्याने अर्ध्या उपाशी चाललेल्या इंजिनापायी लोकांनी पंप खोललेले आहेत. ते आधी बघावं, फुकट आहे. इथे दांडी आत होती. इंजिन उपाशी मरत होतं एवढं नक्की होतं. टाकी गळ्यापर्यंत भरलेली आणि इंजिन उपाशी.

आपल्यातल्या बहुतेकांची डिझेल इंजिनाशी ओळख समुद्रावर झालेली नाही, विहिरीवर झालेली आहे. किर्लोस्करचं पाच हॉर्सपॉवरचं, हँडल मारून चालू करायचं, डिकॉम्प्रेशनची कळ खाली टाकली की पहिला भक्कन धूर, मग धगधग धगधग, उसाच्या फडापलीकडे ऐकू जाणारं. तेही हवा धरायचं, म्हणजे डिझेलच्या वाटेत हवा शिरायची. टाकी कोरडी पडली की दुसऱ्या दिवशी सकाळी कोणीतरी फिल्टरच्या डोक्यावरचा स्क्रू ढिला करायचा, फेस जाऊन डिझेल यायला लागलं की आवळायचा, संपलं. तिथे हे इतकं सोपं का होतं, याचं उत्तर टाकीच्या जागेत आहे. शेतातल्या इंजिनाची टाकी डोक्यावर असते. डिझेल आपल्या वजनाने खाली उतरतं. कुठे नळी चिरली, वायसर दबला, तर डिझेल ठिबकतं, मातीवर काळा डाग पडतो, पोरसुद्धा सांगतं की इथून गळतंय.

शिडाच्या बोटीत टाकी तळाशी. वजन जितकं खाली तितकं बरं, शिवाय वर जागा कुठली. म्हणजे डिझेल वर ओढून घ्यावं लागतं, आणि टाकीपासून लिफ्ट पंपापर्यंतच्या सगळ्या वाटेत नळीच्या आतला दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी असतो. या वाटेवर सांधा सैल झाला तर डिझेल बाहेर येत नाही, हवा आत जाते. नळी कोरडी ठणठणीत, सांध्यावर बोट फिरवलं तर डाग नाही, चिंधीला वास नाही. शेतातल्या इंजिनावर शिकलेला डोळा इथे हटकून फसतो: गळत नाही म्हणजे ठीक आहे. पंपाच्या पुढच्या बाजूला, जिथे दाब असतो, तिथे ते खरं आहे. अलीकडच्या बाजूला जो सांधा सगळ्यात स्वच्छ दिसतो त्याच्यावरही संशय घ्यावा लागतो. त्यासाठी लोक पंपाच्या आधी हातभर पारदर्शक नळी बसवतात आणि टॉर्च लावून बुडबुडे शोधतात. या बोटीवर ते केलं होतं. बुडबुडे दिसले होते. त्यामुळेच सगळे निर्धास्त झाले होते.

हवा काढण्याचं काम तांडेल जसं करायचा ते बघण्यासारखं होतं. कॉकपिटच्या, म्हणजे डेकवरच्या बसायच्या खोलगट जागेच्या, पायऱ्या उचलून बाजूला ठेवायच्या, मांडी घालायला जागा नाही, एका कुशीवर वळून खांदा पाइपाखाली घालायचा. सगळ्यात आधी, पान्याला हात लावायच्याही आधी, बुडातला समुद्राच्या पाण्याचा कॉक बंद. हे नवीन लोक विसरतात आणि महागात पडतं. इंजिन चालू न होता सेल्फवर नुसतं फिरत राहिलं की थंड करायचं पाणी एक्झॉस्टच्या डब्यात साचत जातं. ते बाहेर फेकायला धुराचा जोर नसतो, डबा भरतो, आणि पाणी उलटं सिलिंडरमध्ये उतरतं. पाणी दबत नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. डिझेल न मिळालेलं इंजिन शंभर रुपयांच्या वायसरने सुधारतं, पाणी प्यायलेलं सुधारत नाही. तर कॉक बंद. मग पाणी वेगळं करणाऱ्या पहिल्या फिल्टरची काचेची वाटी: तळाला पाण्याचा थेंब असेल तर तो डिझेलखाली पाऱ्यासारखा लोळतो, तेवढा सोडून द्यायचा. मग लिफ्ट पंपाची हाताची चिमुकली कळ. ती दाबताना हाताला काही लागलं नाही, ढिली ढिली आली, तर पंप बिघडला असं समजू नये. आतला कॅम नेमका उंचवट्यावर थांबलेला असतो, इंजिन पुलीला धरून एक फेरा फिरवलं की कळ जिवंत होते. (नवीन लिफ्ट पंपाचा खर्च याच गैरसमजातून झाला असावा असा माझा दाट संशय आहे.) मग इंजिनावरच्या फिल्टरचा स्क्रू दीड फेरा ढिला, खाली डबा, कळ दाबत राहायचं. आधी ताकासारखा फेस, मग थुंकल्यासारखे बुडबुडे, मग अखंड गुलबट-पिवळी धार. धार चालू असतानाच स्क्रू आवळायचा, कळ सोडून नाही. मग तेच इंजेक्शन पंपाच्या स्क्रूवर. एवढ्यावर नाही भागलं तर थ्रॉटल पूर्ण पुढे, १७ नंबरच्या पान्याने नोझलच्या नळ्यांचे नट अर्धा-एक फेरा ढिले, वर चिंधी, आणि सेल्फ. दहा सेकंद, मग त्याला अर्धा मिनिट विसावा. नटाखालून पिचकारी उडायला लागली की आवळायचं. एक सिलिंडर धरतो, लंगडत धावतो, मग दुसरा धरतो. त्या क्षणी कॉक उघडायचा. तो उघडायचा राहिला तर पाण्याच्या पंपातला रबरी इंपेलर मिनिटा-दोन मिनिटांत कोरडा जळतो आणि त्याचे तुकडे पुढच्या नळ्यांत जाऊन बसतात. म्हणून तांडेल कॉक बंद केला की टोपी काढून सेल्फच्या बटणावर अडकवायचा. टोपी डोक्यावर परत गेली म्हणजे कॉक उघडला.

एवढी खटपट का, तर इंजेक्शन पंप डिझेल दाबू शकतो, हवा दाबली तर ती नुसती आकसते. या जातीच्या इंजिनाचं नोझल उघडायला चौरस सेंटिमीटरला १७० किलोच्या आसपास दाब लागतो. नळीत मुगाएवढा बुडबुडा असला तरी तो स्प्रिंगसारखा दबतो, सुटतो, दबतो, आणि नोझलचं तोंड बंदच राहतं.

नोझलवरून आठवलं. ती तपासायला नेली होती त्या दुकानात एक हातपंप असतो, घड्याळासारखा काटा असलेला. नोझल त्याला लावून दांडा दाबला की चांगलं नोझल चर्रर्र करून कुरकुरतं आणि धुक्यासारखा फवारा सोडतं. वाईट असेल तर आवाज न करता मुततं, हा त्या दुकानातलाच शब्द. फवाऱ्यासमोर बोट नेऊ नये, तो कातडी फोडून आत शिरतो. दोन्ही नोझल उत्तम कुरकुरली. कारागिराने पैसे घेताना सांगितलंही, यात काय नाय. तेव्हाच थांबून विचार करायला हवा होता, पण नोझल परत बसवताना नवे वायसर घातले, सगळी हवा नव्याने काढली, इंजिन सुरेख चाललं आणि सगळ्यांनी मान डोलावली. नोझलच होतं. तांब्याचा वायसर एकदा दबला की कडक होतो. नवा नसेल तर जुना लाल होईतो तापवून पाण्यात टाकावा, पुन्हा मऊ होतो. ते केलं नाही तर सांधा बसत नाही, आणि मग दुरुस्तीनेच नवा बिघाड जन्माला येतो. या बोटीत तसं झालं नव्हतं, पण तीन महिन्यांत तीन जागा उघडल्यावर कुठला बुडबुडा जुना आणि कुठला आपण घातलेला हे कोण सांगणार?

टाकीवरही संशय घेऊन झाला होता, आणि तो रास्त होता. मुंबईत जूनला बोट वर चढवायची, ताडपत्रीखाली चार महिने ठेवायची, आत दमट हवा. टाकी अर्धी रिकामी राहिली तर रात्रीच्या गारव्यात आतल्या भिंतींना घाम फुटतो, पाणी तळाला जातं, आणि पाणी-डिझेलच्या सीमेवर एक बुरशी धरते, हॉर्मोकोनिस रेझिने नावाची. तिला डिझेल खायला हवं आणि राहायला पाणी. काळपट, शेंबडासारखे तिचे पापुद्रे टाकीच्या तळाशी शांत पडून असतात. बोट लाटांवर उसळली की उठतात आणि नळीच्या तोंडावरच्या जाळीला येऊन चिकटतात. इंजिन थांबलं की ओढ संपते, पापुद्रा गळून पडतो, दहा मिनिटांनी इंजिन पुन्हा चालतं. लक्षण हुबेहूब तेच. म्हणून ऑक्टोबरात टाकीचं तपासणीचं झाकण उघडून हात घातला होता. बशीभर काळा गाळ निघाला, जाळी ब्रशने धुतली. जाळी खरं म्हणजे तिथे असूच नये. हात पोचणार नाही अशा जागी गाळणी ठेवण्यात काय शहाणपण आहे मला कळलेलं नाही, घाण अडवायला बाहेर फिल्टर आहे ना. पण असो. आणि याच बुरशीच्या धास्तीने त्या मोसमात एक शिस्त पाळली गेली: निघण्याआधी टाकी गळ्यापर्यंत भरायची. रिकामी जागाच नाही तर घाम कुठून येणार? सल्ला बरोबर आहे. कुठल्याही जाणकाराला विचारा, हाच देईल.

आणि तोच सल्ला इंजिन बंद पाडत होता.

वही होती म्हणून हे कळलं. मालक जुन्या वळणाचे, प्रत्येक फेरीला इंजिन कधी चालू, कधी बंद, किती डिझेल घातलं, हे पेन्सिलीने लिहायचे. चौथ्या वेळेनंतरच्या रविवारी ती वही चहाच्या डागांसकट पुढ्यात उघडली गेली. चारही वेळा इंजिन २५ मिनिटांच्या आगेमागे बंद पडलेलं. चारही वेळा त्याच सकाळी टाकी भरलेली. नोव्हेंबरात एकदा मांडव्याहून परत येताना भरायला मिळालं नव्हतं, टाकी निम्म्यावर, तेव्हा ओहोटीच्या तोंडावर दोन तास सलग चाललं होतं, तक्रार नाही. गाळामुळे झालं असतं तर उलटं व्हायला हवं होतं. डिझेल कमी झालं की गाळ जास्त ढवळतो. फिल्टर तुंबला असता तर त्याला टाकी भरली की रिकामी याचं सोयरसुतक नाही. भरलेल्या टाकीतच मरणारं इंजिन ऐकायला विचित्र वाटतं, पण गणित करून पाहावं. टाकी ६० लिटरची. गळ्यापर्यंत भरली तरी वर तीनेक लिटर हवा राहते. इंजिन तासाला दोन-सव्वादोन लिटर पितं, म्हणजे २५ मिनिटांत एक लिटरला थोडं कमी. टाकीत बाहेरून हवा येतच नसेल तर ती तीन लिटर हवा आता चार लिटरची जागा भरायला बघते, आणि आतला दाब जवळजवळ चौथाईने उतरतो, सात इंच पाऱ्याइतका. डायफ्रामचा छोटा लिफ्ट पंप एवढ्या ओढीविरुद्ध काय करणार? टाकी निम्मी असेल तर वर ३० लिटर हवा असते. त्यातून तेच एक लिटर गेलं तर दाब जेमतेम एक इंच उतरतो, पंपाला पत्ताही लागत नाही.

म्हणजे टाकीला श्वास घेता येत नव्हता. आणि हे एकदा म्हटल्यावर बाकीचं सगळं आठवायला लागलं, तेही क्रमाने नाही, एकदम. कॅनमधून डिझेल भरताना ते गटागटा उलटं उसळायचं, डेक घाण व्हायचं, आणि सगळे नरसाळ्याला शिव्या द्यायचे. इंजिन चालू असताना कॉकपिटच्या बाकाखालून मधूनच डब्याला पोचा पडल्यासारखा टण् आवाज यायचा. तो डोलकाठीच्या तारांचा धरला होता, पण वारा नसताना तारा कशाला वाजतील? तो टाकीचा सपाट पत्रा आत ओढला जात होता. बुडबुडे खरे होते, पण ते रोग नव्हते. टाकीतली ओढ वाढली की एरवी घट्ट असलेल्या क्लिपाखालूनही हवा शिरते, म्हणून ते दिसत होते. आणि सोड्याच्या बाटलीचा तो आवाज. इंजिन मेलं की तांडेल सगळ्यात आधी करायचा काय, तर झाकण उघडून पट्टी बुडवायचा. डिझेल आहे का नाही हे आधी बघणं, याहून शहाणपणाची पहिली पायरी नाही. त्या पायरीवरच बिघाड दुरुस्त होत होता. फुस्स करून हवा आत जायची, ओढ संपायची, आणि पुढच्या बारा मिनिटांत स्क्रू, फेस, पान्यांचं जे काही चालायचं त्याला यश मिळायचं. आत शिरलेली हवा काढावी लागत होती हे खरंच, ते काम वाया नव्हतं. पण श्रेय चुकीच्या हाताला जात होतं. झाकण पुन्हा घट्ट बसवल्यावर ओढ पहिल्यापासून सुरू, मग त्याच फेरीत इंजिन दुसऱ्यांदा का मरत नव्हतं? कारण आता वर चार लिटर जागा होती, अर्धा तास तरी मिळायचा, आणि तेवढ्यात वायव्य झुळूक यायची, शीड भरायचं, इंजिन बंद केलं जायचं. वाऱ्याने झाकून घेतलं.

खात्री करायला पाच लिटरचा स्वच्छ कॅन कॉकपिटमध्ये ठेवला, त्यात थेट नळी सोडली, नोझलकडून परत येणारी बारीक नळीही त्याच कॅनमध्ये, तोंड उघडं. नांगरावरच गियर टाकून तासभर चालवलं. एकदाही घुटमळलं नाही. ही चाचणी ऑक्टोबरातच करता आली असती, खर्च एक हात नळीचा. कॅनवर इंजिन चाललं की इंजिन निर्दोष, पंप निर्दोष, नोझल निर्दोष, दोष टाकीकडच्या बाजूला. पण हवा धरतंय हे सगळ्यांना माहीत होतं, आणि माहीत असलेल्या गोष्टीची चाचणी कोण घेतो.

टाकीच्या हवेची नळी बोटीच्या पाठीमागच्या फळीवर बाहेर निघत होती, करंगळी जेमतेम जाईल असं तोंड. त्यावर जाळी कधीकाळी असावी, आता नव्हती. तांडेलाने तोंड लावून फुंकलं, गाल फुगले, हवा गेली नाही. मग सायकलच्या ब्रेकची तार आत घातली, फिरवली, ओढली, आणि तळहातावर मातीचा एक सुबक खडा पडला. राखाडी, बाहेरून बोटांच्या ठशांसारखी वळी, वाळून विटेसारखा कडक. कुंभारीण माशी. पावसाळ्यात बोट वर असताना तिला हे भोक सापडलं होतं; घरोघरी प्लगच्या भोकांत, कुलपांत, दाराच्या चौकटीला जी मातीची बुधली चिकटवते तीच ही. तांडेलाने नखाने खडा फोडला. आत सात-आठ कोळी, कागदासारखे वाळलेले, पाय पोटाशी घेतलेले. कुंभारीण त्यांना नांगी मारून लुळं करते, अंडं घालते आणि दार लिंपते, पिल्लाला ताजं खायला मिळावं म्हणून. या घरातलं पिल्लू झालंच नव्हतं. झालं असतं तर भिंत पोखरून बाहेर पडलं असतं आणि नळी मोकळी झाली असती.

कोणी फारसं बोललं नाही. हसावं असं वाटत होतं, पण लिफ्ट पंपाचं बिल आणि कंटेनरचं जहाज दोन्ही एकदम आठवत होती. तांडेलाला काय वाटत होतं ते चेहऱ्यावरून कळलं नाही. त्याच्या ट्रॉलरवर हवेची नळी मनगटाएवढी जाड आणि छत्रीच्या मुठीसारखी खाली वळवलेली. तिथे असलं काही होतच नाही, तर बघायचं कशाला, असं तो थोड्या वेळाने म्हणाला, आणि ते बरोबरच होतं.

दुरुस्ती अर्ध्या तासाची. नळीचं तोंड मागच्या फळीवरून काढून कॉकपिटच्या कठड्याच्या आत, उंचावर, खाली तोंड करून घेतलं. लाट आली तरी पाणी जाणार नाही. तोंडावर पितळेच्या तारेची बारीक जाळी, क्लिपने धरलेली, म्हणजे काढून धुता येईल. जाळी फार बारीक घेतली तर मीठ धरून तीच बुजते. पहिल्या फिल्टरच्या पुढे पाऱ्याच्या इंचांत वाचणारा एक छोटा घड्याळी मीटर बसवला. नव्या फिल्टरवर काटा शून्याजवळ राहतो, सातच्या पुढे जायला लागला की काहीतरी तुंबतंय. टाकीपासून पंपापर्यंतच्या सगळ्या क्लिपा बदलल्या आणि रबरी नळीही, कारण जुन्या नळीच्या आतलं अस्तर सुटून झडपेसारखं लोंबायला लागलं होतं. ते अजून त्रास देत नव्हतं. पुढच्या वर्षी दिलं असतं.

फेब्रुवारीतल्या एका संध्याकाळी टाकी भरताना आधीसारखंच मोठं नरसाळं, वीस लिटरचा कॅन, तांडेलाचा गुडघा कॅनखाली. डिझेल उसळलं नाही. एकसारखी धार आत उतरत होती आणि कठड्याच्या आतून, जाळीतून, बारीक शीळ घातल्यासारखी हवा बाहेर येत होती, तिला डिझेलचा वास. मालकांनी बोट ओलं करून तिथे धरलं. टाकी भरत आली तशी शीळ चढत गेली, मग थांबली. "बास," ते म्हणाले, आणि तांडेलाने कॅन सरळ केला.